थोरल्याजवळ दोन नवे

हॉस्पिटलात जायचं त्या सकाळी बायकोनं अंगातला स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला. बाहेर मार्चचा गारठा होता. मी म्हटलं, "अगं घाल की, थंडी आहे." ती म्हणाली, "खिशात त्यो निजलाय. उठवू नगा. आल्यावर घालती." मुलानं गाडी सुरू करून ठेवली होती. ती माझी शाल पांघरून गेली. पुढं शाल तेवढी परत आली.

खिशात निजलेला तो म्हणजे नातीचं फेरेट. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी मुंगसाचा अमेरिकेतला चुलतभाऊ समजावं. लांबोडं अंग, आखूड पाय, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी. दिवसाचा बहुतेक वेळ झोपतं, उठलं की घरभर नाचतं आणि मिळेल ते ओढून पलंगाखाली नेतं. मोजे, चमचे, माझी चष्म्याची डबी. नात शाळेत असताना हट्ट करून तिनं ते आणलं आणि त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं. बायकोची जीभ त्या नावाला वळली नाही. ती त्याला मुंगसोबा म्हणायची. आमच्या गावाकडं सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं तर दिवस चांगला जातो म्हणतात. तिला ते इथं घरबसल्या मिळालं. रोज उठून पिंजऱ्यापुढं उभी राहायची, त्याचं तोंड बघायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

"फुकटचा शकून हाय," म्हणायची. "तुमचं त्वांड बघून काय हुतंय?"

नात कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेली, मुंगसोबा आमच्याकडं राहिला. आमचं घर अमेरिकेतल्या कॅरी गावात. मुलगा आणि सून दोघं कॉम्प्युटरवाले, सकाळी दोन गाड्या दोन दिशांना जायच्या आणि अंधार पडताना परत यायच्या. मधल्या वेळात घरात आम्ही दोन म्हातारी आणि ते जनावर. दारापुढून रस्ता जातो, कडेला चालायला फूटपाथ आहे, पण चालणारा कोणी नाही. शेजारची बाई चांगली आहे, हात करते. मला इंग्रजीतलं हॅलो येतं आणि गुड येतं. तेवढ्यात बोलणं संपतं. बायकोला तेवढंही येत नव्हतं, पण तिचं काही अडलं नाही. ती मुंगसोबाशी बोलायची. गावात कोणाची सून कशी निघाली, कुणी बांध कोरला, सगळं त्याला ठाऊक.

तो स्वेटर नातीचा जुना. राखाडी, मागं टोपी, छातीवर नातीच्या शाळेचं नाव आणि पोटावर आरपार खिसा. बायको नऊवारी लुगड्यावर तो घालायची. मुलगा म्हणायचा, "आई, तू बास्केटबॉलच्या टीममधली दिसतेस." ती भाकरी थापायला लागली की मुंगसोबा त्या खिशात. एका बाजूनं शिरायचा, दुसऱ्या बाजूनं तोंड काढून परातीतलं पीठ हुंगायचा. ती त्याला शिव्या द्यायची आणि पिठाच्या हातानं परत आत ढकलायची.

मी जन्मभर बैलगाडी हाकली. लाकडाच्या वखारीवर होतो, ओंडके वाहायचे. शाळा चौथीपर्यंत. बैलाशिवाय मला दुसरं काही कळतं असं मी कधी म्हटलं नाही. आणि पोरवयापासून तपकीर ओढल्यामुळं माझं नाक कामातून गेलेलं. दूध करपलं, गॅस उघडा राहिला, मला पत्ता लागत नाही. बायको म्हणायची, "शोभंला ठिवलंय नाक."

हे नाकाचं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

तेराव्यानंतर सुनेनं सासूचे कपडे आवरायला काढले. गावाकडं जायची लुगडी वेगळी केली, मुलगा अस्थी घेऊन चालला होता, त्याच्या बॅगेत भरली. मग खुर्चीवरच्या स्वेटरला हात घातला.

मी म्हटलं, "तो राहू दे."

"धुऊन ठेवते, आबा."

"धुवायचा नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि ठेवून दिला. समजूतदार आहे. माझं तोंड फटकळ, हे तिला लग्नाच्या आधीच कोणीतरी सांगितलं असणार.

तो स्वेटर मी माझ्या खोलीत खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला. मी स्वतः तो तोंडाला लावून बघितला होता, मला काही लागलं नाही. नुसतं कापड. पण मुंगसोबा यायचा, खिशाच्या तोंडाशी थांबायचा, नाक आत घालून हुंगायचा, थांबायचा, परत हुंगायचा. त्याची बरगडी फुगलेली दिसायची. मग आत शिरून गोल वळायचा आणि निजायचा. याचा अर्थ आत वास होता. तिच्या मशेरीचा, पिठाचा, खोबरेल तेलाचा, कशाचाही असेल. म्हणजे तेवढी ती अजून त्या खिशात होती. मला कळत नव्हतं, पण ज्याला कळत होतं असा एक जण घरात होता. रोज दुपारी तो शिरताना मी बघायचो आणि माझा दिवस जायचा. मुलाला यातलं काही सांगितलं नाही. तो मला डॉक्टरकडं घेऊन गेला असता.

उन्हाळा संपत आला तसा मुंगसोबानं खाणं सोडलं. आधी वाडग्यात दाणे राहायला लागले. मग नाचणं गेलं. शेपटीवरचे केस गेले. खिशात शिरायचा तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. उचलला तर ओल्या मोज्यासारखा हातात लोंबायचा. सुनेनं सुट्टी काढून जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. मी बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईनं रक्त काढलं, पोट दाबलं, दात बघितले आणि बराच वेळ इंग्रजीत बोलली. सुनेनं गाडीत सांगितलं.

"आबा, आजार असा मोठा काही नाही. वय झालंय थोडं. पण ती म्हणते, हे एकट्यानं राहणारं जनावर नाही. आई होत्या तेव्हा त्याला सोबत होती. आता त्याच्या जातीचं कोणीतरी आणा म्हणते. नाहीतर असाच खंगत जाईल."

"मी आहे की त्याला."

ती सिग्नलकडं बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही तरी कुठं जेवता, आबा."

मी मांडीवरचा पिंजरा नीट धरला.

नातीचा रविवारी फोन आला. तिचं मराठी मला कळतं आणि माझं मराठी तिला कळतं, पण उत्तर तिचं इंग्रजीतच येतं. सुनेनं स्पीकर लावला. नात म्हणाली, "आबा, प्लीज. गेट हिम अ फ्रेंड." मी म्हटलं, "तू ये की मग." ती रडायला लागली. सुनेनं मला डोळ्यांनी दटावलं.

एका शनिवारी मुलाबरोबर आम्ही तासभर गाडी चालवून एका बाईकडं गेलो. लोकांनी टाकून दिलेली फेरेटं ती सांभाळते. माझ्याएवढीच असेल, पँट घातलेली, हाताला जागोजाग चावल्याच्या खुणा. घरात माणसाला बसायला एक खुर्ची, बाकी सगळे पिंजरे. तिचा नवरा गेलेला होता, असं मुलानं मला हळू सांगितलं. तिनं मला ती खुर्ची दिली आणि दोन पिल्लं मांडीवर सोडली. पिल्लं कसली, वर्षाची होती. भाऊ भाऊ. एक पांढरा, लाल डोळ्यांचा. दुसरा काळपट. दोघांना वेगळं करणार नाही, घ्यायचे तर दोघं घ्या, असं तिचं म्हणणं. आणि तुमच्या म्हाताऱ्याशी जमलं नाही तर मला परत आणून द्या, रस्त्यावर सोडू नका. मी मान हलवली. तेवढ्यात पांढऱ्यानं माझा सदरा ओला केला होता.

घरी आलो तेव्हा मी मुलाला म्हटलं, दारात थांब. नवं जनावर घरात येतं तेव्हा आमच्यात भाकरतुकडा ओवाळून टाकतात. बैलजोडी आणली की बायको परातीत पाणी घेऊन बाहेर यायची, बैलांच्या पायांवर घालायची, तुकडा ओवाळायची. आता ते कोण करणार? सून आत गेली. भाकरी नव्हती, पोळीचा तुकडा घेऊन आली. गॅरेजच्या दारात पिंजरा हातात धरून मुलगा उभा, आणि सुनेनं तुकडा ओवाळून झुडपात टाकला. शेजारची बाई हिरवळीला पाणी घालत होती, तिनं हात केला. मुलगा म्हणाला, "तिला वाटलं असेल पिझ्झा आणलाय, नैवेद्य दाखवतायत." सून हसली. मग तिला एकदम रडू आलं. आधी हे काम सासूचं होतं.

सुनेनं इंटरनेटवरून कागद छापून आणले होते. त्यात लिहिलेलं तिनं मला वाचून दाखवलं. एकदम समोरासमोर आणायचं नाही. आधी वेगळ्या खोल्यांत ठेवायचं. मग एकमेकांची पांघरुणं बदलायची, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग तिघांचीही नसलेली जागा बघून तिथं थोडा वेळ सोडायचं. फेरेट डोळ्यांनी माणूस ओळखत नाही, जनावर ओळखत नाही. नाकानं ओळखतं. ज्याला आपल्या घराचा वास नाही तो चोर.

मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, कागदाला काय कळतंय.

बैलाचं असं असतं. घरात एक जुना बैल असतो, त्याचा जोडीदार मरतो, तुम्ही बाजारातून दुसरा आणता. तर नव्याला नेऊन थेट थोरल्याच्या दावणीला बांधायचं. थोरल्याच्याच जागेत, थोरल्याच्याच गव्हाणीवर. म्हणजे पहिल्या दिवशी नव्याला कळतं की मालक कोण. थोरला दोनदा शिंग दाखवतो, नवा मान खाली घालतो, वैरण खायला लागतात, झालं. थोरल्याला त्याच्या जागेतून हलवायचं नाही, नाहीतर त्याचा मान जातो. हे मी कितीदा केलंय. एकदाही बिघडलं नाही.

सोमवारी सगळे कामाला गेले. मी दोन नव्यांना उचललं आणि माझ्या खोलीत आणलं. मुंगसोबा खिशात निजलेला. मी म्हटलं, हा त्याचा ठिय्या, इथंच भेटवावं. नव्यांना स्वेटरपुढं सोडलं आणि खुर्चीत बसलो.

काळ्यानं आधी बाहीवर तोंड घासलं. मग दोघं खिशाच्या दोन तोंडांनी आत शिरले.

आतून जो आवाज आला तसा मी त्या जनावराचा कधी ऐकला नव्हता. लहान पोर भाजल्यावर ओरडतं तसा. स्वेटर जमिनीवर लोळायला लागला. काळ्यानं मुंगसोबाला मानगुटीला धरून बाहेर ओढला आणि फरफटत नेला, पांढरा मागून चावतोय. म्हातारा परत परत खिशाकडं वळत होता. पळाला असता तर सुटला असता. पळत नव्हता. खिशापाशीच भांडत होता. शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी फुललेली, भीतीनं तिथंच हगला, तरी जागा सोडेना. मी हात घातला तर तिघंही मला चावले. शेवटी शाल टाकून धरले. म्हाताऱ्याच्या मानेला रक्त, माझ्या अंगठ्याला रक्त.

बैल मान खाली घालतो. यांना मान खाली घालणं ठाऊक नाही. दोघं मिळून एकाला धरतात आणि तो एक त्याच्याच घरात असला तर मरेपर्यंत लढतो.

संध्याकाळी सुनेनं अंगठा बघितला. म्हाताऱ्याची मान पुसली.  बोलला तो मुलगा.

"आबा, कागद वाचून दाखवला होता ना तिनं?"

"दाखवला होता."

"मग?"

"मग काय? तू बैल बांधलायस का कधी?"

"बैल कुठं आहे इथं, आबा?" असं म्हणून तो वर गेला.

खरं होतं. बैल कुठं होता.

त्यानंतर म्हाताऱ्यानं उरलेलं खाणंही सोडलं. लहान बाळांसाठी चिकन वाटून बाटलीत भरलेलं मिळतं, सून ते कोमट करून द्यायची. मी बोटावर घेऊन त्याच्या ओठाला लावायचो. आधी चाटायचा. मग नुसता तोंड फिरवायला लागला. कागदात लिहिलेलं सगळं सुनेनं केलं. नव्यांचं फडकं त्याच्याजवळ, त्याचं फडकं नव्यांजवळ. तिघांना एका साबणानं आंघोळ घातली. त्याचा काही उपयोग झाला नाही. फडकं टाकलं की तो हिस्स करायचा आणि खिशात जायचा. नव्यांचा वास आला की खिसा, आणि खिशातून बाहेर येणं नाही.

सुनेनं त्या खुर्चीवाल्या बाईला फोन लावला. बोलणं संपल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि दाराशी उभी राहिली. इतक्या वर्षांत ती माझ्या खोलीच्या दाराशी अशी कधी उभी राहिली नव्हती.

"आबा, ती म्हणते, जी वस्तू तो सोडतच नाही, ती त्या दोघांना झोपायला द्या. त्यांचा वास त्या वस्तूत मुरू दे. मग त्याला परत द्या. त्याच्या आवडत्या वासात त्यांचा वास मिसळला की तो त्यांना घरातले समजेल. दुसरा उपाय नाही म्हणते."

मला लगेच कळलं. तरी म्हटलं, "कोणती वस्तू?"

तिनं जमिनीवरच्या स्वेटरकडं बघितलं.

"माझी शाल दे. माझं धोतर दे, बंडी दे. सगळं दे."

"तुमची शाल त्याला नको आहे, आबा."

"मग तो स्वेटर मिळणार नाही. दोन बाजारबुणग्यांना मुतायला मी तो ठेवलेला नाही."

ती गेली. मी दार लावून घेतलं.

मग मी ते करून बघितलं. माझी शाल स्वेटरसारखी दुमडली, खिसा केल्यासारखी. म्हाताऱ्याला उचलून त्यात ठेवला. माझ्या पांघरुणात माझा काहीतरी वास असेलच, आणि त्या घरात मीही होतो, भाकरीच्या वेळी शेजारी बसलेला असायचो. त्यानं शाल हुंगली. वरवर, पाहुणा चहाला ओठ लावतो तसं. आणि पाय ओढत परत स्वेटरकडं गेला. मला त्याचा राग आला नाही. मीसुद्धा तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचं चिकन बोटावर घेऊन मी जमिनीवर बसलो. खिशात हात घातला. तो गरम होता, पण त्यानं डोकं उचललं नाही. बोट ओठाला लावलं, त्याला कळलंही नाही. नाक मात्र कापडात रुतलेलं होतं. बरगडी हलत होती. मरता मरता हुंगत होता.

तेव्हा मी हिशेब असा केला. याला स्वेटर ठेवला तर हा त्यात मरेल. हा मेला तर स्वेटरात वास आहे की नाही हे सांगणारा कोणी राहणार नाही. स्वेटर दिला तर हा जगेल, पण वास जाईल. कसंही केलं तरी माझ्या हाती काही राहत नव्हतं. मग निदान जनावर तरी राहावं. आणि ती असती तर मला एवढा विचारही करू दिला नसता. "मुकं जनावर मरतंय आनी ह्यो चिंध्या कवटाळून बसलाय," म्हणाली असती. चार बायका गोळा झाल्या असत्या इतक्या मोठ्यानं म्हणाली असती.

सून कामावरून यायच्या आत मी म्हाताऱ्याला बाहेर काढून शालीत गुंडाळला, आणि स्वेटर नेऊन नव्यांच्या पिंजऱ्यात ठेवला. दोघं लगेच खिशात शिरले. काळा उलट्या बाजूनं तोंड काढून माझ्याकडं बघायला लागला. मी तिथं थांबलो नाही.

दोन दिवस स्वेटर त्यांच्याकडं होता. ते दोन दिवस म्हातारा माझ्या मांडीवर. तो इकडं तिकडं मान फिरवून शोधायचा, मग दमून पडायचा. मी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. बायकोसारखं येईना. मला गावातल्या सुनांचं काही ठाऊक नाही. बैलांची नावं सांगितली त्याला. थोडं चिकन माझ्या बोटावरचं चाटलं, एवढंच.

मग स्वेटर त्याला परत दिला. सून आणि मी, दोघं बघत होतो. तो खिशाच्या तोंडाशी आला. नाक घातलं. मागं सरला, हिस्स केलं. परत नाक घातलं. किती वेळ लागला सांगता येणार नाही, माझा पाय बधिर झाला. शेवटी अर्धा आत गेला, ढुंगण बाहेर. मग सगळा गेला. आत बरीच उलथापालथ चालली होती, काहीतरी शोधल्यासारखी. मग थांबली.

"सापडलं त्याला," सून म्हणाली.

मी म्हटलं, "बघू."

भेट बाथरूममध्ये ठेवली, कोरड्या टबात. ती जागा कोणाचीच नाही. तिघांच्या मानेवर सुनेनं माशाचं तेल लावलं, आणि टबाच्या मधोमध स्वेटर. मी झाकण पाडून कमोडवर बसलो, हातात जाड मोजे. नव्यांना सोडलं, मग म्हाताऱ्याला. त्याची शेपटी फुलली. काळा पुढं आला. सुनेनं माझा दंड धरला. म्हाताऱ्यानं त्याच्या मानेपाशी नाक नेलं, आणि बैल मीठ चाटतो तशी ती मान चाटायला लागला. काळा उभा राहिला, त्यानं चाटू दिलं. एकदा दोघांची जुंपली, पण रक्त नाही आलं. पांढरा तर भांडण सोडून स्वेटरवर झोपला.

असं रोज केलं. कधी चांगलं, कधी वाईट. थंडी पडायच्या सुमाराला एका दुपारी मी खोलीत आलो तर खिशातून तीन तोंडं बाहेर. मधलं म्हाताऱ्याचं. आणि आवाज येत होता, कोंबडी खुडूक बसल्यावर करते तसा. खुशीत असलं की फेरेट तो आवाज करतं. बायको गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. वाडगं रिकामं होतं. मी परत भरलं.

सगळी खूश झाली. नात फोनवर ओरडली. त्या बाईला मुलानं फोटो पाठवला. म्हातारा परत नाचायला लागला, वाकडातिकडा, पण नाचायला लागला. माझी चष्म्याची डबी परत पलंगाखाली.

आणि मग हळूहळू ते तिघं स्वेटरातून निघाले. सुनेनं पिंजऱ्यात नातीच्या जुन्या जीन्सचा पाय कापून टांगला होता, झोळीसारखा. नवे त्यात झोपायला लागले, त्यांच्यामागं म्हाताराही. स्वेटर माझ्या खोलीत जमिनीवर नुसता पडून. मी म्हाताऱ्याला एकदा उचलून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं नाक लावलं. एकदाच. मग त्याच्यावरून चालत पलीकडं गेला, सतरंजीवरून चालावं तसा, आणि पिंजऱ्याकडं पळाला.

मी मागून हाक मारली नाही. आता तो हाकेला येणारा राहिला नव्हता. त्याला त्याची माणसं मिळाली होती. घरात दुपारी तिघांची धावपळ चालते, मी खुर्चीत बसून ऐकतो. पूर्वी आम्ही दोघं तिची वाट बघत होतो. आता मी एकटा बघतो.

दोन-तीन दिवस स्वेटर तसाच ठेवला. वास मारतो, असं सून एकदा म्हणाली. मग एका शनिवारी सून कपडे धुवायला काढत होती, तिला नेऊन दिला.

"धू."

"नक्की, आबा?"

"वास मारतो म्हणत होतीस ना तू?"

"मारतो, पण..."

"कशाचा मारतो? मला सांग. माझं नाक गेलंय, तुझं आहे."

तिनं स्वेटर दोन्ही हातांत घेतला, खिशापाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. 

"आईंचाच येतो, आबा."

ती खोटं बोलत होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मी तिला बघतोय, खोटं बोलताना तिचा गळा हलतो.  मशीनचं झाकण उघडून मीच स्वेटर आत टाकला.

धुऊन वाळवून मशीननं बाहेर दिला तेव्हा गरम होता. सुनेनं माझ्या हातात दिला आणि ती स्वयंपाकाला गेली. मी तो मांडीवर घेऊन बसलो, गरम होता तोवर. मग गार झाला. घडी करून कपाटात ठेवला आणि तिघांना खायला घालायला उठलो.